पडद्यावरची जखम आणि अंगावरची जखम

बंगळूरच्या मेट्रो गाडीत संध्याकाळच्या वेळी उभ्या असलेल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या हातातील पडद्याकडे पाहिले, तर पुष्कळदा एकच दृश्य दिसते. खेळातील सैनिकाला गोळी लागते. पडद्याच्या तळाशी असलेली रेघ, जी त्याच्या प्राणाचे माप दाखवते, एकदम आखूड होते. सैनिक भिंतीआड बसतो, पिशवीतून पट्टी काढून दंडाला गुंडाळतो, आणि काही सेकंदांतच ती रेघ पुन्हा वाढू लागते. औषधांची मोठी पेटी जवळ असेल तर ती पूर्ववत होते. सैनिक उठतो आणि काहीच घडले नाही अशा रीतीने धावू लागतो.

त्याच पुलाखालच्या रस्त्यावर कधी दुचाकीवरून पडलेला एखादा तरुण निपचित असतो. भोवती माणसांचे कडे जमते. कोणी त्याला पाणी पाजू पाहतो, कोणी खांद्याला धरून उठवू पाहतो, कोणी जखमेवर हाताला लागेल ते लावतो. मदत करण्याची इच्छा सर्वांनाच असते; नेमके काय करावे आणि काय करू नये, हे मात्र थोड्यांनाच माहीत असते.

ह्या दोन दृश्यांचा परस्परांशी काही संबंध आहे काय? आजच्या मुलाला जखम आणि उपचार ह्यांचे पहिले दर्शन पुष्कळदा खेळाच्या पडद्यावर घडते. म्हणून त्या दर्शनात खरे किती आणि खोटे किती, हे तपासून पाहणे उपयोगाचे आहे.

माणसाचे माप जहाजाच्या मापाने

ज्या खेळात खेळणारा स्वतःऐवजी दुसऱ्या कोणाची तरी भूमिका घेतो आणि त्या व्यक्तीच्या वतीने निर्णय करतो, त्याला भूमिका-खेळ म्हणतात. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा अशा खेळांचा मूळपुरुष होय. तो गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्यांनी 1974 साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. तो कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळावयाचा असे. पुढे 1978 साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ ह्या विद्यार्थ्याने संगणकांच्या जाळ्यावर अनेकांना एकत्र खेळता येईल असा खेळ रचण्यास आरंभ केला. रिचर्ड बार्टल ह्याने तो पुढे नेला. आजचे जाळ्यावरील भूमिका-खेळ त्याचेच वंशज आहेत.

खेळातील पात्र किती घाव सोसू शकते हे दाखवण्यासाठी त्याला काही अंक दिलेले असतात. त्यांना आपण प्राणांक म्हणू. प्रत्येक घावाबरोबर हे अंक घटतात आणि शून्य झाले की पात्र मरते. ही कल्पना आर्नेसन ह्यांनी नौकायुद्धाच्या खेळातून उचलली होती. पोलादी चिलखत चढवलेले जहाज किती तोफगोळे झेलून तरंगत राहील ह्याचा तो हिशेब होता. जहाजाला हा हिशेब ठीक लागू पडतो, कारण जहाजाला वेदना होत नाही, त्याचे रक्त वाहत नाही आणि त्याच्या भोकातून जंतू शिरत नाहीत. माणसाला तोच हिशेब लावला की ह्या तिन्ही गोष्टी गळून पडतात. एका प्राणांकावर खेळणारे पात्र शंभर प्राणांकांच्या पात्राइतक्याच वेगाने धावते. शेवटचा अंक जाईपर्यंत ते धडधाकट असते, आणि तो गेला की एकदम मृत.

खेळाच्या दृष्टीने ह्यात दोष नाही. बुद्धिबळातील घोडा दाणावैरण मागत नाही म्हणून कोणी तक्रार करीत नाही. तथापि पुष्कळ खेळाडूंनाच हा सोपा हिशेब पुढे अपुरा वाटू लागला. 2004 साली निघालेल्या ‘मेटल गिअर सॉलिड 3’ ह्या जपानी खेळात नायकाला स्वतःच्या जखमा स्वतःच बऱ्या कराव्या लागतात. शरीरात रुतलेली गोळी सुरीने काढणे, जखम निर्जंतुक करणे, टाके घालणे, मोडलेल्या हाडाला फळी बांधणे, असे निरनिराळे उपचार त्यात आहेत. ‘आर्मा 3’ ह्या युद्धखेळासाठी त्याच्या चाहत्यांनी रचलेल्या जोडभागात रक्तस्राव, नाडी, रक्तदाब आणि शिरेतून दिले जाणारे लवणद्रव ह्यांचाही हिशेब ठेवला जातो. काही जाळ्यांवर खेळाडूंनी पोलीस, डॉक्टर, रुग्णवाहिकेचा चालक अशा भूमिका घेऊन एक सबंध शहर वसवलेले असते. तेथे असा दंडक असतो की पायाला गोळी लागलेल्याने लंगडले पाहिजे, आणि शुद्ध हरपलेल्याने दुसरा कोणी मदतीला येईपर्यंत पडून राहिले पाहिजे. आपली जखम आपणच किती प्रमाणात बरी करावी, ह्यावर अशा खेळाडूंमध्ये वादही होतात. त्या वादाचे उत्तर शरीरशास्त्रात शोधता येते.

जखम भरते म्हणजे काय होते?

त्वचा कापली गेली की पहिले काम रक्तवाहिन्या स्वतःच करतात. त्या आकुंचन पावतात, रक्तातील सूक्ष्म बिंबिका भोकाशी चिकटतात, आणि तंतूंचे जाळे विणले जाऊन रक्ताची गुठळी बनते. लहान जखमेत हे सारे काही मिनिटांत उरकते. नंतर काही तासांतच पांढऱ्या पेशी तेथे गोळा होऊन जंतूंचा आणि मेलेल्या पेशींचा फडशा पाडू लागतात. जखमेभोवती लाली, सूज, ऊब आणि ठणका जाणवतो तो त्यामुळेच. काही दिवसांनी नव्या केशवाहिन्या आणि कोलॅजन नावाचे चिवट तंतू निर्माण होऊन पोकळी भरून निघते. शेवटी त्या तंतूंची पुनर्रचना होऊन वण पक्का होतो, आणि हे काम वर्षभरही चालते.

ह्या क्रमाचे मापही घेण्यात आले आहे. टाके घालून बंद केलेल्या जखमेची बळकटी एका आठवड्यानंतर मूळ त्वचेच्या अवघी 3 टक्के असते. तीन आठवड्यांनी ती 20 ते 30 टक्क्यांवर जाते आणि तीन महिन्यांनी सुमारे 80 टक्के होते. त्यापुढे ती फारशी वाढत नाही. पायाच्या नळीचे हाड सांधण्यास तीन-चार महिने लागणे ही सामान्य गोष्ट आहे. पट्टी जखम भरून काढत नाही. ती फक्त जखमेला झाकते, दाबते आणि स्थिर ठेवते. भरून काढण्याचे काम शरीराचे आहे, आणि त्याला लागणारा वेळ कोणत्याही पेटीत विकत मिळत नाही.

सुरीने काढलेली गोळी

शरीरातील गोळी बाहेर काढली की रोगी वाचला, ही समजूत खेळांनी आणि त्याआधी चित्रपटांनी दृढ केली आहे. वस्तुतः गोळीने करावयाची हानी ती आत शिरतानाच केलेली असते. जेथे ती कोणत्याही महत्त्वाच्या अवयवाला बाधत नाही, तेथे ती तशीच राहू देणे शल्यचिकित्सक पुष्कळदा पसंत करतात. आत रुतलेला चाकू किंवा सळई उपटून काढण्याचा मोह तर कटाक्षाने टाळला पाहिजे, कारण तीच वस्तू फाटलेल्या रक्तवाहिनीला बुचासारखी अडवून धरीत असते.

ह्या बाबतीत अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड ह्यांची हकिकत बोधप्रद आहे. 2 जुलै 1881 रोजी त्यांच्यावर गोळी झाडण्यात आली. गोळी शोधण्यासाठी वैद्यांनी न धुतलेली बोटे आणि शस्त्रे जखमेत पुनःपुन्हा घातली. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल ह्यांनी धातू हुडकणारे यंत्र तयार करून पाहिले, पण गोळी सापडली नाही. जखमेत विष भिनत गेले आणि 19 सप्टेंबर रोजी गारफील्ड मरण पावले. गोळीपेक्षा तिच्या शोधानेच अधिक घात केला, असे आजचे वैद्यक मानते.

स्वतःवर स्वतःच शस्त्रक्रिया केल्याचे एक खरे उदाहरण आहे. लिओनिद रोगोझोव्ह हा सत्तावीस वर्षांचा रशियन डॉक्टर दक्षिण ध्रुवप्रदेशातील नोव्होलाझारेव्स्काया ह्या तळावरील एकमेव वैद्य होता. 1961 सालच्या एप्रिलअखेरीस त्याला आंत्रपुच्छाचा दाह झाला. 30 एप्रिलच्या रात्री त्याने पोटाला बधिर करणारे औषध टोचून घेतले आणि सहकाऱ्यांना आरसा व हत्यारे धरावयास लावून स्वतःचे आंत्रपुच्छ कापून काढले. पावणेदोन तास हे काम चालले. अशक्तपणामुळे त्याला दर चार-पाच मिनिटांनी थांबून विसावा घ्यावा लागत होता. दोन आठवड्यांत तो पुन्हा कामावर रुजू झाला. परंतु ह्या घटनेतून काढावयाचा निष्कर्ष उलट आहे. तो शल्यक्रिया शिकलेला होता, त्याच्याजवळ निर्जंतुक हत्यारे आणि औषधे होती, मदतीला माणसे होती, आणि बाहेरून साहाय्य येण्याचा कोणताही मार्ग नव्हता. बंगळूरच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला ह्यातील एकही अट लागू होत नाही.

रक्ताचा हिशेब

प्राणांकाला शरीरात सर्वांत जवळची गोष्ट म्हणजे रक्त. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. रक्तदानाच्या वेळी त्यातील 350 किंवा 450 मिलिलिटर काढले जाते, आणि निरोगी माणसाला त्याचा फारसा त्रास होत नाही. सुमारे पाऊण लिटरपर्यंतची हानी शरीर सांभाळून घेते. त्यापुढे नाडी जलद होते, त्वचा थंड आणि फिकी पडते, माणूस अस्वस्थ होतो. दीड लिटरच्या पुढे रक्तदाब कोसळतो आणि बुद्धी भ्रमिष्ट होऊ लागते. दोन लिटरच्या पुढे प्राणच संकटात असतो. म्हणजे शरीरातील ही रेघ निम्म्यावर येण्यापूर्वीच माणूस धावणे तर राहोच, उभाही राहू शकत नाही. ज्याला स्वतःवर उपचार करावयाचा त्याचेच हात आणि बुद्धी प्रथम निकामी होतात. मोठी जखम झालेल्याला दुसऱ्या माणसाची गरज का लागते, ह्याचे कारण हे आहे.

मोठी रोहिणी तुटली तर काही मिनिटांतच मृत्यू येऊ शकतो. त्यावर पहिला उपाय अगदी साधा आहे. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून हाताने घट्ट दाबावे आणि दाब सोडू नये. रक्त थांबले की नाही हे पाहण्यासाठी कापड वारंवार उचलू नये. ते भिजले तर त्यावरच दुसरी घडी ठेवून दाबावे. हातापायाचा रक्तस्राव दाबूनही थांबत नसेल, तरच जखमेच्या वरच्या बाजूला रुंद पट्टा आवळून बांधावा आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवावी. दोन तासांहून अधिक काळ असा पट्टा राहिला तर त्याखालील स्नायू व मज्जातंतू धोक्यात येतात. म्हणून पट्टा बांधल्यावर रोग्याला विलंब न लावता रुग्णालयात पोचवले पाहिजे.

आवळपट्टी कोठे बांधू नये?

खेळात एकच पट्टी सर्व जखमांना चालते. प्रत्यक्षात एका प्रसंगी तारणारा उपाय दुसऱ्या प्रसंगी मारक ठरतो. सर्पदंशाचे उदाहरण घ्या. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार 2000 ते 2019 ह्या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. दंशावर आवळून दोरी बांधणे, तेथे चीर देणे, विष तोंडाने चोखणे ह्यांचा उपयोग होत नाही. उलट अवयव सडतो, रक्तस्राव वाढतो आणि वेळ वाया जातो. दंश झालेला अवयव हलू न देणे, रोग्याला धीर देणे आणि प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात तत्काळ नेणे, एवढेच खरे प्रथमोपचार होत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत निरनिराळ्या प्रांतांतील सापांच्या विषांत कसा फरक पडतो ह्याचे संशोधन चालते. त्या फरकामुळे एकच प्रतिविष सर्वत्र सारखे गुणकारी ठरत नाही. कर्नाटक राज्याने फेब्रुवारी 2024 मध्ये सर्पदंशाची नोंद शासनाकडे करणे रुग्णालयांना बंधनकारक केले.

कुत्र्याच्या चाव्याची गोष्ट ह्याहून वेगळी आहे. येथे घरी करावयाचा उपचार खरोखरच प्राणरक्षक आहे. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुतली पाहिजे, कारण त्यामुळे अलर्काचे पुष्कळ विषाणू वाहून जातात. परंतु लस टोचून घेणे त्यानंतरही अनिवार्य असते. तिखट, चुना, तेल ह्यांचा काही उपयोग नाही. ह्या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. बंगळूरची ‘निम्हान्स’, म्हणजे राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था, ही अलर्कावरील संशोधनासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे सहयोगी केंद्र आहे.

भाजल्यावर हळद, शाई किंवा दात घासण्याची पेस्ट लावण्याची चाल आपल्याकडे आहे. भाजलेला भाग लगेच वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरणे हा त्याहून कितीतरी चांगला उपाय होय. बर्फ मात्र लावू नये. मातीने माखलेल्या लहानशा जखमेतही धनुर्वाताचे जंतू असू शकतात. ते जमिनीत वर्षानुवर्षे टिकून राहतात, आणि रोग बहुधा तीन ते एकवीस दिवसांनी प्रकट होतो. तोवर जखम भरून आलेली असते आणि तिचा विसरही पडलेला असतो. खेळात असा उशिराने येणारा शत्रू क्वचितच असतो.

खेळातील वेदनाशामक गोळीने पात्राचा प्राण वाढतो. खरी गोळी फक्त वेदनेची जाणीव कमी करते, जखम तशीच राहते. आपल्याच मनाने अशा गोळ्या दीर्घकाळ घेतल्याने जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडांना इजा पोचते. तासन् तास खेळून ज्यांचे मनगट व मान दुखते, त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. त्यांच्या दुखण्यावर पहिला उपाय विश्रांती हाच आहे. खेळणे आवरतच नाही अशी स्थिती झालेल्यांसाठी निम्हान्समध्ये 2014 साली स्वतंत्र उपचारकेंद्र सुरू झाले. खेळाच्या अशा अनावर सवयीला जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत 2022 पासून विकार म्हणून स्थान मिळाले आहे.

खेळातून खरे शिकता येते काय?

येथवर वाचून खेळ म्हणजे केवळ दिशाभूल असे कोणी म्हणेल, तर तेही बरोबर होणार नाही. ‘अमेरिकाज आर्मी’ हा खेळ अमेरिकी लष्कराने 2002 साली काढला. त्यात रुग्णसेवकाची भूमिका हवी असेल तर खेळाडूला आधी पडद्यावरच्या वर्गात बसून प्रथमोपचाराचे धडे घ्यावे लागत आणि परीक्षा द्यावी लागे. 2007 सालच्या नोव्हेंबरमध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यातील महामार्गावर एक मोटार उलटली. तेथून जाणाऱ्या एका तरुणाने धूर निघत असलेल्या गाडीतून दोघांना बाहेर काढले. बोटे तुटलेल्या एकाच्या हातावर त्याने टॉवेल दाबून धरला आणि हात उंच ठेवावयास सांगितले. हे ज्ञान त्याने त्या खेळातील वर्गातच मिळवले होते. त्याने काय केले हे नीट पाहिले पाहिजे. त्याने बटण दाबले नाही; त्याने टॉवेल दाबून धरला. खेळाने त्याला खरी कृती शिकवली होती, म्हणूनच ती उपयोगी पडली.

खेळणे आणि जीवरक्षण ह्यांचे नाते जुने आहे. छाती दाबून बंद पडलेले रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत 1960 साली वैद्यकाने स्वीकारली. तिच्या सरावासाठी जी मानवाकृती बाहुली प्रथम तयार झाली, ती अस्मुंड लार्डाल ह्या नॉर्वेतील खेळणी बनवणाऱ्याने केली होती. आजही मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देण्याचा सराव अशा बाहुल्यांवरच केला जातो. पडद्यावर पाहून क्रम कळतो. किती जोर लावावा हे हातालाच कळावे लागते.

शास्त्रज्ञांनाही खेळापासून काही शिकता आले आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ ह्या जाळ्यावरील भूमिका-खेळात सप्टेंबर 2005 मध्ये एका चुकीमुळे ‘दूषित रक्त’ नावाचा साथीचा रोग पसरला आणि नगरे ओस पडली. दयाळू खेळाडू रोग्यांना बरे करण्यासाठी धावले. परंतु त्यामुळे रोगी अधिक काळ जगून रोग अधिकच पसरवू लागले. ह्या घटनेवर 2007 साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात लेख आला. साथीत माणसे कशी वागतात हे समजण्यासाठी असे खेळ उपयोगी पडतील, असे त्यात प्रतिपादले होते.

वास्तवतेचा प्रश्न कायद्यापर्यंतही पोचला आहे. औषधांच्या पेटीवर तांबडा क्रूस काढण्याची खेळांत जुनी चाल होती. वस्तुतः ते युद्धातील वैद्यकीय पथकांचे संरक्षक चिन्ह आहे. भारतात 1960 च्या जिनिव्हा करार अधिनियमाने त्याच्या मनमानी वापरावर बंदी घातली आहे. ‘प्रिझन आर्किटेक्ट’ ह्या खेळाच्या ब्रिटिश कर्त्यांना रेड क्रॉस संस्थेने ही गोष्ट कळवल्यावर 2017 साली त्यांनी त्या चिन्हाचा रंग बदलून हिरवा केला.

जवळ उभा असलेला माणूस

खेळातील सर्वांत मोठी अवास्तवता पट्टीच्या वेगात नसून एकटेपणात आहे. पडद्यावरचा जखमी आपला आपण बरा होतो. खरा जखमी बहुधा जवळच्या माणसामुळे वाचतो. ह्या माणसाला पोलीस चौकी आणि न्यायालय ह्यांची भीती वाटत असे. सर्वोच्च न्यायालयाने 30 मार्च 2016 च्या निर्णयाने, आणि संसदेने 2019 साली मोटार वाहन कायद्यात घातलेल्या कलमाने, सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. त्याला आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. कर्नाटकाने तर 2016 सालीच त्यासाठी स्वतंत्र विधेयक संमत केले.

म्हणून रस्त्यावर कोणी पडलेला दिसला तर क्रम असा ठेवावा. प्रथम आपण स्वतः वाहनांच्या मार्गात नाही ह्याची खात्री करावी. 108 किंवा 112 ह्या क्रमांकावर कळवावे. वाहणारे रक्त दाबून थांबवावे. मान किंवा पाठ दुखावली असण्याचा संभव असल्यास, आग अथवा तसाच दुसरा धोका नसेल तर त्याला हलवू नये, आणि त्याचे शिरस्त्राण ओढून काढू नये. शुद्धीवर नसलेल्यास पाणी पाजू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याचा श्वास चालू आहे ना, इकडे लक्ष ठेवावे. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याच्याजवळ थांबावे.

स्वतःच्या हातांनी बऱ्या करता येण्याजोग्या जखमा अनेक आहेत: खरचटणे, उथळ काप, लहानसा चटका. त्या धुवाव्या, झाकाव्या आणि धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती हे आठवावे. परंतु कडा उघड्या राहिलेला खोल काप, दहा मिनिटे दाबूनही न थांबणारे रक्त, डोक्याला मार लागल्यानंतरची वांती किंवा गुंगी, जनावराचा चावा, बधिर झालेले बोट, ह्यांपैकी काहीही असेल तर घरगुती उपचार तेथेच थांबवून डॉक्टरकडे गेले पाहिजे.

मेट्रोतील विद्यार्थ्याने आपला खेळ अवश्य खेळावा. त्याच्या सैनिकाची रेघ काही सेकंदांत भरून येते, त्यात कोणाचेच नुकसान नाही. मात्र स्थानकाच्या जिन्यावरून उतरताना समोर कोणी पडलेला दिसला, तर तेथे पिशवीतील पेटी उघडणार नाही, आपले हातच पुढे करावे लागतील, एवढे त्याने जाणून असावे.